रुळावरचा गोठा

३ नोव्हेंबर
हलवला एकदाचा गोठा! तीस वर्षं बंद पडलेल्या मालगाडीच्या रुळांवर आमच्या म्हशी रवंथ करत बसायच्या. आता तीच लाइन उकरून शहरगाडी नव्या वसाहतींपर्यंत नेणार म्हणे. न्या की! आम्हाला ओढ्यापलीकडं भाड्याची जागा मिळाली. सगळ्यांना एकच धास्ती – म्हशी सवयीनं जुन्या जागी जातील.

५ नोव्हेंबर
म्हशी रमल्या. सासरे नाही रमले. आण्णा पहाटे बादली घेऊन गायब! माझा नवरा धैर्यशील शोधत गेला, तर रुळांत उकिडवे बसलेले. समोर म्हैस नाही आणि बोटं धार काढतायत. घरी येऊन धैर्यशील भिंतीकडं तोंड करून रडला. मी चहा टाकला. दुसरं काय करणार?

८ नोव्हेंबर
पुन्हा तेच.

१० नोव्हेंबर
कडी लावली, तर आण्णांनी दारावर कपाळ आपटून घेतलं. "मला कोंडतीस व्हय गं? धारेची येळ झालीया!" डॉक्टर म्हणतात, विसर वाढतच जाणार, लक्ष ठेवा. कुणी ठेवायचं? धैर्यशील म्हशी घेऊन दुधाच्या कट्ट्यावर. गिऱ्हाइकासमोर धार काढून तिथंच पेला हातात द्यायचा, हा आमचा धंदा. माणूस हलला की बुडाला. मी इकडं शेणात. आणि तिकडं नवी खडी पडली, गाडीची चाचणी आली! लाइनीवरच्या साहेबांच्या पाया पडले – कुंपण घाला हो. "हुईल की वैनी, टेंडर निघालंय." जळो तुमचं टेंडर!

१२ नोव्हेंबर
सुचलं! हौशी – आण्णांची लाडकी म्हैस. तिला पाण्यावर नेताना दोरी त्यांच्या हातात दिली आणि मी लांबूनच मागं चालत राहिले. परतताना ते जुन्या वाटेला वळले, पण ही बया ओढत नव्या गोठ्याकडं घेऊन आली! आण्णा मुकाट मागं. दोरी सोडायची नाही, एवढं त्यांच्या हाताला अजून आठवतंय.

धैर्यशील भडकला. "जनावराच्या भरवशावर बाप सोडतीस व्हय?"

मग माणूस आण की शोधून! माझ्या जिवाचे किती तुकडे करू मी?

१६ नोव्हेंबर
आण्णा नि हौशी दोघंच रोज पाण्यावर जातात, रोज परत येतात. पहाटेचं पळणं थांबलं. आज तर दारातूनच हाक – "अनुजा, हौशीला पेंड घाल." माझं नाव! गोठ्यात जाऊन ढसाढसा रडले. धैर्यशील कधी नव्हे ते म्हणाला, "तुझं बराबर हाय." देवा, एवढंच चालू दे. जास्त काही मागत नाही.

१९ नोव्हेंबर
दोघं पाण्यावर गेलेले, तेवढ्यात लाइनीकडून गाडीचा भोंगा ऐकू आला. पहिल्यांदाच. सगळा जन्म रुळांवर गेला, पण हौशीनं गाडी कधी ऐकलीच नव्हती. हे कसं ध्यानात आलं नाही माझ्या?
दोरी फरपटत हौशी उधळत आली. एकटीच.