फक्त कानासाठी

प्रिय बारक्या,

हे पत्र तुझे भाऊजी आणून देतील. त्यांना चहा पाज, गप्पा मार, पण ते समोर असताना पाकीट उघडू नकोस. फोनच करणार होते. पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला ‘अगं ताई, ऐक तर’ म्हणतोस आणि मी विरघळते. आज मला विरघळून चालणार नाही. आई बरी आहे. गुडघा दुखतो म्हणून दिवसभर कण्हते आणि आमची नजर चुकवून गच्चीवर जाऊन येते. तुझ्या बायकोला पायावर सूज येते म्हणालास, ती उतरली का? तिला मात्र हे पत्र आज वाचायला देऊ नकोस.

आमच्या ऑफिसातल्या संगणकांचं तुला मी काय सांगू, त्यांना कुलपं लावणारी कंपनी तुझीच. नव्या सुनेसारखी गत त्यांची, विचारल्याशिवाय काही म्हणजे काही करायचं नाही. पडद्यावरचं चित्रही बदलता येत नाही. औषधांची लेबलं आम्ही करायची, पण डिझाइनचं सॉफ्टवेअर मुख्य कचेरीतल्या एकाच मशीनवर. एक रेघ सरकवायची तर अर्ज पाठवा आणि हरी हरी करत बसा. इकडे साहेबांना सगळं संध्याकाळच्या आत हवं. हे रडगाणं मी तुझ्यापुढे गायले तेव्हा तू खिशातून पेनड्राइव्ह काढलास. म्हणालास, ताई, यात तेच सॉफ्टवेअर आहे, हे बसवावं लागत नाही, लावायचं, चालवायचं, काढून घ्यायचं. आणि आमच्या मशीनवर तो चालावा म्हणून तुझ्या बाजूने तेवढी एक वाट मोकळी करून दिलीस. कुंपणानेच शेत खाल्लं म्हण हवं तर, असं वर हसलास. मीही हसले.

खरं सांगू, मजेत गेले ते दिवस. माझी लेबलं वेळेआधी होऊ लागली. साहेब म्हणायचे, कसं केलंत ते विचारत नाही, झालं ना, बस्स. आमच्या संगणक विभागातला तो लांबुडक्या चेहऱ्याचा माणूस, ज्याला आम्ही जेलर म्हणतो, तो फेरी मारायला आला की मी पेनड्राइव्ह उपटून पदराआड करायचे. हात इतका सरावला होता की जेलरच्या चपलेचा आवाज आला की तो आपोआप हलायचा.

या बुधवारी कानाच्या थेंबांचं लेबल होतं. तपासनीस बाईंनी ते पास केलेलं, फक्त निळी पट्टी रुंद करायची बाकी. त्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र थरांचं असतं, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखं. पट्टीच्या आड एक ओळ येत होती, म्हणून त्या ओळीचा थर मी घटकाभर लपवला. तेवढ्यात जेलर. काय ताई, आज फार कामात? मी पेनड्राइव्ह उपटला. तो गेल्यावर पुन्हा लावला, काम होतं तसं परत आलं, पट्टी नीट बसलेली दिसली, आणि घाईघाईत फाइल छापखान्याकडे गेली. लपवलेला थर लपलेलाच राहिला. पट्टीच तर सरकवली होती, पुन्हा तपासायला कोणाकडे देणार?

शुक्रवारी सही घ्यायला पॅकिंगच्या हॉलमध्ये गेले आणि सहज एक बाटली उचलली. पट्टी छान दिसत होती. तिच्याखाली जागा कोरी. तिथे असायला हवं होतं, ‘फक्त कानासाठी. डोळ्यांत घालू नये.’ आमचे डोळ्यांचे थेंबही अगदी त्याच बाटलीतून जातात, बारक्या. खोक्यावर ती ओळ आहे, पण खोकं ठेवतं कोण? आपली आई आधी खोकं फाडून टाकते, मग चष्मा शोधते. खाली गाडी भरत होते. जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. तपासनीस बाईंना म्हटलं, गाडी थांबवा. त्या म्हणाल्या, अगं पण झालंय काय? मी नुसती बाटली पुढे धरली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि अशा ओरडल्या की हमालांनी हातातली खोकी तिथेच खाली ठेवली. सगळा माल परत आत आला. एकही बाटली बाहेर गेलेली नाही, हे मी स्वतः उभं राहून बघितलं.

मग मी पेनड्राइव्ह साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, माझं तेवढं. ‘कसं केलंत विचारत नाही’ म्हणणाऱ्या साहेबांनी या खेपेला विचारलं, की आपल्या मशीनवर कोणाचाच पेनड्राइव्ह चालत नाही, मग तुमचाच कसा चालला? तोवर तपासनीस बाई, जेलर, सगळेच तिथे जमले होते. आणि सगळ्यांच्या माना जेलरकडे वळल्या. किल्ल्या त्याच्याकडे ना! तो बिचारा एकदा माझ्याकडे बघे, एकदा साहेबांकडे. साहेब, माझी मुलगी शिकतेय हो, मी कशाला असलं करीन, असं म्हणत राहिला. त्याला घरी पाठवलंय, सोमवारच्या चौकशीपर्यंत. मी गप्प राहिले. तुझं घर, तुझं येणारं बाळ, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी गप्प राहिले.

सोमवारी मी गप्प राहणार नाही. चौकशीत मला पहिलं बोलावलंय आणि मी तुझं नाव सांगणार आहे. तू मला मदत करायला गेलास हेही सांगेन, पण त्याने तुझी नोकरी वाचेल असं खोटं तुला सांगत नाही. उद्या रविवार, अख्खा दिवस तुझ्या हातात आहे. तुझ्या वरिष्ठांच्या घरी जा आणि आपल्या तोंडाने सांग. त्यांना ते माझ्याकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळावं, एवढ्यासाठीच हे लिहिलं. भाऊजींना यातलं काही ठाऊक नाही. त्यांच्यावर चिडू नकोस, चिडायचं ते माझ्यावर चीड.

रागावलास तरी तुझीच,
ताई