कोरड्या हातांचा पिचर

क्लोव्हरडेल, सोमवार

तीर्थरूप आर्डिथ आत्यास,

लाइलचा टोपी काढून नमस्कार. (टोपी हल्ली दर सामन्यात काढून दाखवावी लागते, पण ती अंपायरला, आपखुशीने काढलेली ही एकच.) तुझा गुडघा काय म्हणतो? कोंबड्या अंडी देतात ना? चर्चच्या जेवणातल्या बटाट्याच्या सॅलडवरून मिसेस डेव्रीसशी धरलेला अबोला सुटला, की अजून दोघी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसता? इकडे मी खुशाल आहे, म्हणजे हातपाय धड आहेत. बाकी काय धड आहे ते वाचून तूच ठरव.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की पेपरात आम्हा चेंडू फेकणाऱ्या पिचर लोकांच्या हातांबद्दल हे काय भलतंसलतं छापून येतंय, आणि तुझे हात स्वच्छ आहेत ना. आत्या, माझे हात इतके स्वच्छ आहेत की त्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली आहे. सगळं सविस्तर लिहितो. चष्मा चढव आणि चुलीवर काही असेल तर आधी उतरवून ठेव.

त्याचं असं आहे, की बेसबॉलचा नवा चेंडू साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत असतो. बोटांना काहीतरी चिकट असलं की तो बोटं सोडता सोडता गरकन फिरतो आणि बॅटरला एकीकडे दिसून दुसरीकडे जातो. नियमाने आम्हाला फक्त राळेच्या पावडरची एक पिशवी चाचपायची मुभा आहे. आमच्या संघात त्या पिशवीला हात लावणारा मी एकटा. बाकीच्यांना त्या पावडरीची कीव येते. एक जण दिव्यांच्या उजेडातल्या सामन्यालाही दंडभर सनस्क्रीन थापतो (त्याची कातडी नाजूक आहे म्हणे, चंद्र सोसत नाही), कारण राळ आणि सनस्क्रीन एकत्र आलं की सुताराने मागून न्यावी अशी खळ तयार होते. दुसऱ्याने एकदा रागाने टोपी भिंतीवर भिरकावली ती तिथेच राहिली. आता आम्ही तिच्यावर टॉवेल टांगतो. तिसरा तर दगडी गोळे उचलणाऱ्या पैलवानांचा लेप वापरतो. परवा राष्ट्रगीताला त्याने छातीवर हात ठेवला, आणि गीत संपून सगळे बसले तरी याचा हात तिथेच. लोकांना वाटलं, केवढा देशभक्त! टाळ्या पडल्या.

मग लीगला जाग आली. आता अंपायर मैदानाच्या मधोमध येऊन पिचरचा हात हातात घेतो, बोटं कुरवाळतो, पट्टा चाचपतो आणि डोळ्यांत डोळे घालून बघतो. नुकतं लग्न ठरलेली जोडपीही चारचौघांत इतकं करत नाहीत. याने काय झालं? मालाने जागा बदलली. पट्ट्यावरचा कानामागे गेला, कानामागचा बुटात गेला, आणि शेवटी माझे चेंडू झेलणारा आमचा कॅचर रिगो याच्या पायाच्या पॅडवर सुखाने स्थायिक झाला. पिचरचे हात कोरडे ठणठणीत. चेंडू परत येतो तोच माखून. समोरच्या संघाचा मॅनेजर बोंब मारेल म्हणशील, तर तो कशाला मारेल? आज आमच्या पिचरचे कान बघा म्हणाला, तर उद्या त्याच्या पिचरचे बूट निघतील. त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकांच्या प्रामाणिकपणावर अपार विश्वास ठेवून असतात.

बरं, सामन्याआधी अंपायर स्वतः प्रत्येक चेंडूला नदीचा खास चिखल चोळतो, चकाकी जावी म्हणून. ते कायदेशीर. बॅटर बॅटला हातभर डांबर फासतो, तेही कायदेशीर. पाप फक्त पिचरच्या बोटांना लागतं. मी हे आमच्या मॅनेजरला, बक टिलरीला, बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "लाइल, तुला अक्कल आहे. मला चेंडूवर कंट्रोल पाहिजे."

इथे माझी गोष्ट सुरू होते. तुला तो दिवस आठवत असेलच (तू काही विसरत नाहीस). मेथडिस्टांविरुद्धच्या चर्चच्या सामन्यात डॅडींच्या पट्ट्याखाली व्हॅसलीन सापडलं, पाद्रीसाहेबांनी सगळ्या गावासमोर ते बोटावर घेऊन दाखवलं, आणि घरी आल्यावर तू मला स्वयंपाकघरात उभं करून बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावलीस, की देवाने दिलेल्या हातापलीकडे चेंडूला कधी काही लावणार नाही. मी दहा वर्षांचा होतो. तेव्हा मला वाटलं, यात काय अवघड आहे? आत्या, देवाने मला दिलेले हात फार कोरडे आहेत.

या मोसमात गारठा लांबला आणि माझा चेंडू माझं ऐकेनासा झाला. आधी एका बॅटरचं कोपर गेलं, मग एकाची बरगडी. मग आमच्या संघाचं जे सोंग असतं, मिशा लावलेला भला मोठा कापडी मासा, तो बाजूला उभा राहून पोरांना हसवत होता, तो आडवा झाला. लोक पोट धरून हसले. आतला माणूस नाही हसला. मी मैदानात उतरलो की पहिल्या रांगेतल्या बायका पर्स तोंडासमोर धरतात. आणि कोणीही, आत्या, एकानेही माझं कौतुक केलं नाही की बाबा रे, सगळ्या लीगमध्ये सरळ माणूस तू एकटा.

उलट गुरुवारी काय झालं बघ. समोरच्या संघाचा डेझमंड क्वार्ल्स, ज्याच्या कानाजवळून मी तासाभरापूर्वी एक चेंडू सोडला होता, तो गाड्यांपाशी माझी वाट बघत उभा. मला वाटलं मारतो आता. तर त्याने बायकोच्या भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली चिकट लेपाची एक बरणी पुढे केली.

"आम्ही सगळ्या बॅटर लोकांनी मिळून आणलंय. नाही म्हणू नकोस," तो म्हणाला.

"अरे, पण हे नियमात बसत नाही!"

"नियम गेला खड्ड्यात. मला दोन लहान पोरी आहेत रे! तू मला खुशाल आउट कर, पण जिवंत ठेव."

असा प्रसंग कोणत्याही पिचरवर आला नसेल. शत्रू म्हणतोय, बाबा, फसव मला. मी त्याला तुझी, बायबलची, डॅडींची सगळी हकीकत सांगितली. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "तुझ्या आत्याला एकदा बॅट घेऊन माझ्या जागी उभी कर." (राग मानू नकोस, माणूस घाबरलेला होता.) बरणी मी ठेवून घेतली, कारण दिलेली भेट परत करणं आपल्या घरात बसत नाही. मोज्यांच्या खाली ठेवली आहे.

अंपायर स्टकीची तऱ्हा तर आणखीच. तो कॅचरच्या मागे उभा असतो, म्हणजे माझं जे काही रिगोच्या हातून सुटतं ते त्याच्या अंगावर येतं. शुक्रवारी त्याने माझा हात हातात घेतला, बोटं चोळली, उलटा केला, सुलटा केला, आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला. "काहीच नाही?" त्याने विचारलं. मी अभिमानाने म्हटलं, "काहीच नाही, सर." तर मला म्हणतो, "माझं वय बघ रे जरा."

त्याच संध्याकाळी टिलरीने बोलावलं. आधी प्रामाणिकपणा हा आमच्या संघाचा कणा कसा आहे यावर बोलला (बोलताना त्याचा हात टेबलाला चिकटत होता, तिथे मघाशी रिगोची पॅड ठेवलेली), आणि मग म्हणाला की आता आणखी एका माणसाला तुझा चेंडू लागला की सामान बांध. आत्या, मी चौतीस वर्षांचा आहे. फेकण्याखेरीज मला काही येत नाही, आणि इथून निघालो तर कॉर्नी काकाची डुकरं राखायला यावं लागेल. मला डुकरांचा राग नाही, पण मला अजून खेळायचं आहे. हे मी कोणापाशी बोललो नाही. तुला सांगतो. मला फार भीती वाटते.

पण देव आहे. शनिवारी माझा चेंडू सांगेन तिथे गेला. गुडघ्याजवळ सांग, गुडघ्याजवळ. बाहेर सांग, बाहेर. समोर आले ते सगळे आउट झाले आणि हसतमुखाने परत गेले. क्वार्ल्स तर आउट होऊन मला डोळा मारून गेला. स्टकीने माझा हात बराच वेळ हातात ठेवला (त्यालाही सोडवेना), आणि म्हणाला, "राळ आहे, दुसरं काही नाही. खेळा." मी आकाशाकडे बघितलं. पेपरातलं कात्रण सोबत जोडलं आहे. त्यात मला 'दीर्घ साधनेचं फळ मिळालेला गुणी पिचर' म्हटलं आहे. ते मिसेस डेव्रीसना दाखवायला हरकत नाही.

कॉर्नी काकाला नमस्कार. गुडघ्याला शेक घेत जा. तुझ्या प्रार्थनेत मला आणि त्या माशातल्या माणसालाही धर.

तुझा
लाइल

ता. क. : असे चमत्कार रोज होत नाहीत, खुद्द बायबलातही अंतर राखून होतात, आणि माझा पुढचा सामना शुक्रवारी आहे. तेव्हा मला त्या शपथेतून मोकळं करतेस का? चार ओळी पुरेत. डॅडींनी लोभापायी केलं होतं. इथे क्वार्ल्सच्या पोरींचा प्रश्न आहे.

ता. क. २ : मोकळं केलंस, तर पत्रावर तारीख मात्र गेल्या शुक्रवारची टाक. शनिवारची नको. त्या दिवशीचा सामना सकाळचा होता.