नव्वद दिवसांचे मासे

१३ फेब्रुवारी
पुन्हा तेच! आज समुद्रगवतातले चाळीस पट्टेरी मासे तपासले. यांच्या कानात मोहरीहून बारीक खडा असतो, त्यावर रोज एक वलय चढतं. मोजलं की वय कळतं. सगळ्यात म्हातारा — ८८ दिवसांचा. वर्ष झालं मोजतेय, नव्वदच्या पुढे एकही नाही. मग पुढे जातात कुठे?

१४ फेब्रुवारी
माझे गाईड सर म्हणाले, "गीतांजली, सोपं आहे. समुद्रगवत म्हणजे पाळणाघर. वाढले की खोल पाण्यात जातात."
सोपं असेल. मला का पटत नाहीये?

२७ फेब्रुवारी
नेरूळहून निघून ओहोटीच्या वेळी मोरा गावच्या किनाऱ्यावर. विमलबाई चिखलात शिंपल्या वेचत होत्या. गवतातली वाट मला त्यांनीच दाखवली. पिशवीतले मासे बघून म्हणाल्या, "ही बारकीच ऱ्हातात, पोरी. मोठी झालेली मी कवाच नाय पायली." मग एकदम — "पन तू तसं लिवू नको हां!"
बोटींच्या नव्या धक्क्यासाठी ही गवताची पट्टी भरून टाकणार आहेत. पंधरा मार्चला सुनावणी. गावाला माझा अहवाल हवाय — त्यांच्या जाळ्यात येणारे मासे इथेच लहानाचे मोठे होतात, असा.
आणि होत नसतील तर?

२ मार्च
विमलबाईंच्या मुलाने, केतनने होडी काढली. खोल पाण्यात पाच ठिकाणी जाळं टाकलं. एकही नाही.
"टेन्शन नको मॅडम, परत टाकू."
टाकलं. नाही.

५ मार्च
७१ दिवसांची मादी, बोटाएवढी — आणि पोटात अंडी! म्हणजे ही कुणाची पिल्लं नाहीतच. पूर्ण वाढलेले मासे आहेत! जन्मायचं, अंडी घालायची, मरायचं — सगळं त्या गुडघाभर गवतात, तीन महिन्यांत. आनंदाने ओरडलेच.
मग आठवलं. बाजारात भाव नसलेल्या या चिमुकल्यांना सुनावणीत कोण विचारणार?

८ मार्च
सर : "एका मादीवरून निष्कर्ष नको." आता नऊ झाल्या. लिहिते, खोडते. खोटं लिहिलं तर गवत वाचेल. खरं लिहिलं तर विमलबाईंना तोंड कसं दाखवू? काहीच कळत नाही. आई म्हणते, जेव आधी.

११ मार्च
मोऱ्याला जाऊन सांगून टाकलं. विमलबाई पदराने हात पुसत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "खरं हाय तं खरंच लिव. उद्या जेवाला ये. केतन जिताडं आननार हाय."
आमच्याकडे जिताडा म्हणजे जावयाला वाढायचा मासा. मला कशासाठी? रडूच आलं.

१२ मार्च
विमलबाईंनी जिताड्याचं पोट फाडलं आणि हाकच मारली. आत तेरा मासे. अंगावरचे पट्टेसुद्धा शाबूत — माझेच! गावाच्या जाळ्यात येणारा जिताडा यांच्यावरच पोसतोय — गवत गेलं तर जिताडाही गेला! मी ते डबीत भरत होते. त्यांनी दुसरा जिताडा ओढला. "ह्योबी फाडू?"