माळावर लावलेली झाडं

बाई,

सातवीत असताना तुम्ही आम्हाला शाळेमागच्या माळावर नेलंत, तो दिवस अजून लख्ख आठवतो. मी म्हणालो, "ह्या पडीक रानात काय बघायचं?" तुम्ही माझा कान धरलात. "पडीक कुणाला म्हणतोस रं? खाली बस अन् तोंड मिट." आम्ही बसतो. बराच वेळ काहीच होत नाही. मग माझ्या गुडघ्याजवळून, गवताच्या बुडातून एक चंडोल उडतो आणि तुम्ही बोटानं त्याचं घरटं दाखवता. जमिनीवरच. "ह्यांना झाड लागत न्हाय. गवत हेच ह्यांचं घर."

तुम्ही गेलात, त्यानंतर काही वर्षांनी मी त्याच शाळेत शिक्षक म्हणून लागलो. जुळे सोलापुरातून रोज दुचाकीवर येतो. उन्हाळा हल्ली असा तापतो की पोरांना वर्गात बसवत नाही, म्हणून यंदा झाडं लावायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी जागा विचारली आणि बाई, मीच म्हणालो, "माळ पडीकच आहे की." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणायचीही सोय नाही. मला सगळं ठाऊक होतं. जागा सोपी होती, फोटो चांगले येणार होते, एवढंच.

खड्डे खणताना सहावीतल्या एका मुलीची कुदळ घरट्यात गेली. "सर, अंडी फुटली की! हितं कोन ऱ्हातंय व्हय?" मी म्हणालो, "चालू दे, उशीर होतोय." त्या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

अजून वेळ गेलेली नाही. रोपं लहान आहेत. काढली तर गवत पुन्हा माळ झाकून टाकेल. सावलीसाठी शाळेचं अंगण मोकळंच पडलंय. फक्त पोरांसमोर उभं राहून 'मी चुकलो' म्हणायचं आहे. काल शाळा सुटल्यावर एकटाच गेलो आणि एक रोप उपटलं. तेवढ्यात तीच मुलगी आली. "काय झालं वो त्याला?" मी म्हणालो, "कलंडलं होतं," आणि रोप परत खड्ड्यात रोवलं. तिनं बाटलीतलं उरलेलं पाणी त्याच्या बुडात ओतलं.

हे पत्र आता कुठे पाठवणार? पण खरं सांगू, तुम्ही आज हयात असता, तरी ते तुमच्या हाती द्यायला मी धजावलो नसतो.