खालचा मजकूर आधी वाचावा

इब्री, ओमान
५ मार्च २००६

तीर्थस्वरूप भावोजींस,

शांतारामचा इकडच्या धुळीतून वाकून नमस्कार. आपली शुगर, ताईचे गुडघे आणि मागीलदारची बोअरवेल, या तिन्हींची तब्येत उत्तम असेल असं मी गृहीत धरतो, कारण तसं नसतं तर ताईचा मिस कॉल आलाच असता. इकडे आम्ही ठीक आहोत. चि. उर्वी पुण्यात नोकरी सांभाळून लग्नाच्या साड्या बघतेय. मे महिन्यातला मुहूर्त आणि चिपळूणचं कार्यालय आपण धरून ठेवलंत, त्याचे उपकार वेगळे मानीन. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. तर फोनवर सगळंच बोलता येत नाही (आमचा फोन स्वयंपाकघराच्या दाराशी आहे, यावरून काय ते समजा). आमच्या कंपनीतला सेबॅस्टियन वसईचा. तो उद्या रजेवर निघतोय, तो हे तिकडून टपालाने पाठवील.

आपण सारी हयात कोर्टात शिरस्तेदारी केलीत, म्हणून आपल्याला या गोष्टीची गोडी कळेल. आम्हा ओमानमधल्या मराठी लोकांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे. गावात पारावर बसून गप्पा मारतात ना, तसंच, फक्त इथे पार नाही, सावली नाही आणि कोणी उठून घरीही जात नाही. एकाने काही लिहिलं की ते साडेतीनशे जणांच्या ईमेलमध्ये जाऊन पडतं. कोणाला अळूची पानं कुठे मिळतील ते हवं असतं, कोणाला रजेवर जाणाऱ्याबरोबर मिक्सर पाठवायचा असतो. आणि पैसे कुठे ठेवू, हे तर प्रत्येकालाच हवं असतं. गल्फमधल्या माणसाला दोनच चिंता, पैसे कसे मिळतील आणि मिळालेले कुठे जातील.

तर झालं असं की मस्कतच्या एका बँकेत काम करणाऱ्या राजीव नावाच्या भल्या गृहस्थाने ग्रुपवर एका फंडाची तारीफ केली. बँकेतला माणूस म्हणतोय म्हटल्यावर लोकांनी डोळे मिटून पैसे घातले आणि फंडाने सपाटून आपटी खाल्ली. पुढे गणपतीत राजीव आरतीचं ताट घेऊन फिरत होता, तर लोक हात पुढे करायच्याऐवजी त्याला विचारत होते, फंड वर कधी येणार? (बाप्पा समोर असताना, भावोजी! मी स्वतः ऐकलं.) बिचारा प्रसाद न घेताच गेला. तेव्हा ग्रुपने ठरवलं की यापुढे पैशाबद्दल कोणीही काही लिहिलं तर खाली डिस्क्लेमर टाकायचा. म्हणजे ‘मी बोललो खरा, पण माझ्या बोलण्याला मी जबाबदार नाही’ असा मजकूर. आणि तो लिहायचं काम सर्वानुमते माझ्याकडे आलं. का येणार नाही? बावीस वर्षं मी कंपनीचं स्टोअर सांभाळतोय. ‘माल तपासून घ्यावा, नंतर तक्रार चालणार नाही’ ही पाटी माझ्याच हातची आहे.

सुरुवातीला मजकूर दोन ओळींचा होता. हे माझं वैयक्तिक मत आहे, पैसे तुमचे, डोकं तुमचं. एवढ्यावर भागलं असतं, पण लोक कसले! सूर गावाहून एकाने लिहिलं की डोकं भरवशाचं असतं तर तुम्हाला विचारलं असतं का? झालं, एक कलम वाढलं. एकाने माझं मत आपल्या साडूला कळवलं आणि साडूने मला भारतातून खडसावलं. साडूंचं कलम आलं. एकजण म्हणाला, तुम्ही लिहिलं नव्हतं पण पेट्रोल पंपावर मान हलवली होती. मग ‘हो’, ‘बघू’, ‘काही हरकत नाही’ या शब्दांना, तसंच मान हलवण्याला सल्ला समजू नये, हे कलम आलं. पुढे फोन, गाडी, आरतीची रांग, विमानतळावरची भेट, सगळं एकेक करून आत घेतलं. शेवटी मजकूर असा झाला की वरचं पत्र चार ओळींचं आणि खालचा डिस्क्लेमर दीड पानाचा. आपण वाचलात तर पाठ थोपटाल, इतका कुठूनही पाणी न शिरणारा. लोक तो उचलून कुठेही लावायला लागले. एका बाईंनी अनारशाच्या कृतीखाली लावला. एका गृहस्थांनी तर भाच्यासाठी सुचवलेल्या स्थळाखाली लावला. मुलगी सुस्वभावी आहे, मात्र पुढील नुकसानीस प्रेषक जबाबदार नाही! आमच्या अर्बाबलाही (इकडे मालकाला असंच म्हणतात) मी इंग्रजीत करून वाचून दाखवला. तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकून म्हणाला की आम्ही एवढ्यासाठी नुसतं इन्शाल्ला म्हणतो. मी त्याला नम्रपणे सांगितलं की आमच्या लोकांना ते पुरणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या दिवाळीत रुस्ताकच्या सिंथियाने (ही तिथल्या इस्पितळात नर्स आहे, वसईकडचीच) ग्रुपवर विचारलं की धाकट्या बहिणीचं लग्न आहे, सोनं आता घेऊ की थांबू? मी त्याच दिवशी उत्तर दिलं, थांब. अगदी ठामपणे दिलं. सिमेंट असो, सळई असो, चढलेला भाव उतरतो, हे मी स्टोअरमध्ये बसून जन्मभर बघितलंय, सोन्याला काय शिंगं फुटलीत? खाली अर्थातच संपूर्ण मजकूर लावला. त्यानंतर सोनं जे चढत सुटलं ते आपल्याला पेपरातून माहीतच आहे. मी रोज ग्रुप उघडायचो तो छातीवर हात ठेवून. आणि एक दिवस सिंथियाचाच फोन आला. म्हटलं, आली बला. तर ती आभार मानत होती! म्हणाली, अंकल, तुमचं खालचं वाचलं आणि वाटलं की जो माणूस स्वतःच इतकं सांगतोय की माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्याचं ऐकलेलं बरं. आणि ती दुसऱ्याच दिवशी मस्कतला रुवीच्या सोनेबाजारात जाऊन सगळं सोनं घेऊन आली. मग एकेकाचं कळत गेलं. ज्यांनी ज्यांनी वाचलं होतं, त्या सगळ्यांनी घेतलं होतं. साडेतीनशे माणसांत एकाचं नुकसान नाही, एक तक्रार नाही! मी राजीवला मुद्दाम फोन करून सांगितलं. डिस्क्लेमर असावा तर असा.

एवढा आनंद झाल्यावर माणूस घरी सांगणारच. मी जेवताना प्रेमाला सगळी हकीकत अगदी रंगवून सांगितली. ती पोळी वाढत होती. म्हणाली, म्हणजे लोकांना तुम्ही लेखी सांगितलं होतं की माझं ऐकू नका? मी म्हटलं, अर्थात. ती म्हणाली, मग मला का नाही सांगितलं?

भावोजी, आपल्याला आठवत असेल, आमच्या लग्नात प्रेमाच्या हातातल्या बांगड्या तिच्या मावशीच्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी मावशी त्या काढून घेऊन गेली. मांडवाचे खांबही अजून निघाले नव्हते. उर्वीच्या हातात तिच्या स्वतःच्या चार बांगड्या घालायच्या, हे प्रेमाने तेव्हाच, उर्वीचा पत्ता नसताना, ठरवलं होतं. सासरच्यांनी मागितलेल्या नाहीत, बिचारे फार चांगले लोक आहेत. ही तिचीच हौस. दिवाळीत तिने शिकवण्यांचे साठवलेले पैसे मोकळे करून ठेवले आणि मला विचारलं, घेऊ ना? मी ताटावर बसल्या बसल्या सांगितलं, थांब, उतरेल. ती थांबली. आता तेवढ्याच पैशांत तीन येतात. मुलगी एका हातात दोन आणि दुसऱ्या हातात एक अशी बोहल्यावर उभी राहणार आहे काय? माझ्याकडे घालायला जादा काही नाही, कार्यालय आणि जेवणावळीत माझं सगळं गेलंय, हे आपण जाणताच.

मी कायद्याने उत्तर द्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, अगं, तो मजकूर ग्रुपच्या मेंबरांसाठी असतो, तू कुठे मेंबर आहेस? ती म्हणाली, मी मेंबर नाही, बायको आहे. आणि आमटी हवी का, असं विचारलं. त्यानंतर आज आठ दिवस झाले, एक शब्द वावगा बोललेली नाही. भांडली असती तर मी सांभाळलं असतं, भांडणात मी कोणाला हार जाणारा नाही. पण ही शांतपणे डबा भरून देतेय. अख्ख्या ओमानात माझ्या शब्दावर थांबलेलं माणूस एकच निघालं, आणि ते माझ्या घरात होतं. मला फार लागलंय ते, भावोजी.

बाकी सोन्याबद्दल माझं मत आजही तेच आहे. ते उतरणार म्हणजे उतरणारच, माझी बावीस वर्षं काही वाया गेलेली नाहीत. इकडे थंडी संपली, खजूर पाठवतोय, शुगर सांभाळून आपण दोनच खा.

आपला,
शांताराम

ता. क. एक बारीकसं काम होतं. आपण प्रेमाला एक पत्र टाकावं की दिवाळीत शांतारामने मला फोन करून विचारलं होतं आणि थांबायला मीच सांगितलं. आपला तिला फार आदर आहे, आपल्यासमोर ती पदर सावरून बोलते, ती आपल्याला काही म्हणणार नाही. आपल्यावर पुढे जबाबदारी येऊ नये म्हणून आपल्या नावाचा डिस्क्लेमर मी तयार करून सोबत जोडलाय. फक्त सही करायची.

ता. क. दुसरा. ताईला यातलं काही कळू देऊ नये. तिने मला लहानपणापासून ओळखलेलं आहे.

ता. क. तिसरा. वरची विनंती रद्द समजावी. पाकीट बंद करायच्या आत, आज सकाळी, प्रेमा चहाचा कप घेऊन समोर येऊन बसली आणि म्हणाली, मग आता काय करायचं? घ्यायचं की अजून थांबायचं? तुम्ही सांगाल तसं. अगदी साधेपणाने विचारलं, भावोजी, टोमणा नव्हता. मी शोधून पाहिला. एवढं सगळं झाल्यावरही ही बाई मलाच विचारतेय, आणि साडेतीनशे लोकांना खडाखड उत्तरं देणाऱ्या माझ्या तोंडून एक अक्षर फुटत नाहीये. ती अजून समोरच बसलीय. सेबॅस्टियन खाली हॉर्न वाजवतोय. तिला काय सांगू ते उलट टपाली कळवा. तोवर मी चहा छान झालाय एवढंच सांगितलंय, आणि ते मात्र संपूर्णपणे माझ्या जबाबदारीवर.