चादर घेऊन नाटकाले

लंडन. शनिवार, संध्याकाळ. दिवाळी होऊन आठवडा झाला.

आज मी नाटकाले चादर घेऊन गेली. लिहितानाही कान गरम होऊन राह्यले.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी आमचा कला-संस्कृतीचा कोर्स आहे, त्यात आज दुपारचं नाटक पाहायचं होतं. मी पोटभर जेवून निघाली आणि बॅगेत चादर कोंबली. आईनं येताना दिलेली, गावच्या नाटकाच्या मंडपात अंथरायची तीच. नाटक म्हटलं की पहाटेपर्यंत, हेच डोक्यात! दारावर बॅग तपासणाऱ्यानं चादर पाहून विचारलं, बरं नाही का?

दीड तासात संपलं. चादरीची घडीही मोडली नाई.

नाटक चांगलं होतं, खोटं काऊन बोलू. पण सगळे गुपचूप. कोणी शेंगा पुढं केल्या नाईत, मरणाच्या सीनले कोणी हुंदका दिला नाई. खुर्च्यांवर नंबर. कोणाची जागा कोणाले धरावी लागत नाई.

बाहेर येऊन आईले फोन लावला. पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावात आज मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, अन् रात्री नाटक. ती मंडपातच होती, मागून पेटीचे सूर येत होते.

"आई, चादर तर मी घेऊन आली. तू काय अंथरलं?"

"सतरंजी. दोघींची जागा धरली."

"दोघींची?"

"शेजारची बाई विचारून राह्यली होती, इथी कोन बसनार हाय म्हनून."

"मग?"

"म्हटलं, पोरगी येऊन राह्यली."