पळसावरची लाख, कलकत्त्याची परिषद

१ जाने. १९३८, गोंदिया
उद्या कलकत्त्याच्या विज्ञान परिषदेला निघायचं. आमच्या कॉलेजचे प्रो. साहेब नागपूरहून त्याच मेलनं येतील, त्यांचा डबा वेगळा. बाबा रेल्वेत मालबाबू, पास आहे, म्हणून माझ्यासोबत तेच. चिवडा बांधताना आई बोलली, "भंडाऱ्याच्या पाहुण्यायले पोरगी पसंत आहे. वैशाखात लगन म्हणून राहिले. आता कलकत्त्याले जाऊन तू का करशीन?"
बाबा म्हणाले, "देशोदेशीचे विद्वान येऊन राहिले. हिनं पाळलेले किडे पाहतीन. जाऊ दे."

२ जाने., गाडीत
दरेकसा स्टेशन गेलं. मग बोगदा. इथल्याच पळसाच्या लाख धरलेल्या काड्या बाबा पोत्यात घालून नागपूरला पाठवत. मी वर्षभर वसतिगृहाच्या व्हरांड्यात बरण्यांमध्ये ठेवल्या. लाखेचा किडा, त्याला खाणारी अळी, आणि त्या अळीवर अंडी घालणारी मुंगीएवढी माशी. मुली म्हणत वास येतो. येतच होता.
काचनळ्या मांडीवर. डोंगरगडला चढलेल्या बाईनं विचारलं, "बेटी, दवाई है क्या?" हो म्हटलं. कुठं सांगत बसू.

४ जाने., कलकत्ता
उतरलोय बाबांच्या ओळखीच्या एका रेल्वेबाबूंकडे. माशाचं जेवण, मी भात-दूध.
परिषदेत इंग्रज, जर्मन, अमेरिकन, आपले मद्रासी, पंजाबी. बायका थोड्याच. भाषणं निम्मी डोक्यावरून गेली. शेजारचा लाहोरचा विद्यार्थी हळूच, "आपको समझा?" "नहीं." "मुझे भी नहीं." मग बरं वाटलं.

५ जाने.
प्रो. साहेबांनी निबंध वाचला. माझंच काम, पण माझं नाव कुठं आलं नाही. वाईट वाटलं, लिहून ठेवते.
शेवटी एक म्हातारे इंग्रज उठले. झाडावरची लाख तोडून नेल्यावर उन्हाळ्यात ही माशी कुठं राहते? प्रो. साहेब माझ्याकडे हात करून म्हणाले, माशा हिनं पाळल्यात, हिलाच विचारा.
उभी राहिले. मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "बरणीतलं मला माहीत आहे. जंगलातलं नाही. येत्या उन्हाळ्यात पाहीन."
म्हातारे हसले नाहीत. "पाहा, आणि मला कळवा." पत्ता लिहून दिला.
बाबा दाराशी उभे होते. "काऊन गं, का विचारलं त्यानं?" प्रश्न सांगितला. "अन् तू का म्हटलं?" उत्तरही सांगितलं. ट्रामशी आल्यावर म्हणाले, "उन्हाळा म्हणजे वैशाखच ना?"
मला त्या वेळी लग्न आठवलंच नव्हतं. खरंच नव्हतं.

९ जाने., गोंदिया
आईला कळलं. "चार लोकांत कबूल करून आली! आमाले विचारलं का?" बाबा ओसरीवर पान लावत बसले. संध्याकाळी त्यांनी भंडाऱ्याला निरोप पाठवला, पोरीचं किड्यांचं काम आहे, वैशाख जमत नाही. लग्न मग कधी, ते लिहिलंच नाही म्हणे.
आई माझ्याशी बोलत नाही. ताटात तूप मात्र वाढते.

१६ जाने.
भंडाऱ्याचे, ज्यांच्याशी लग्न ठरतंय ते, स्वतःच आले, एकटे. शाळेत मास्तर आहेत. बैठकीत बाबा, दाराआड आई. म्हणाले, "ज्याच्यासाठी लग्न थांबलं, ते पाहू तरी द्या."
नळी दिली. त्यांनी उजेडाकडे धरली. "काहीच नाही दिसत."
"खाली, बुचाजवळ."
बराच वेळ पाहत राहिले. "किती दिवसांचं काम?"
"सांगता येत नाही. लाख तुटली की सुरू होईल."
"आणि नाही सापडली तर?"
"तर पुढच्या उन्हाळ्यात."
हे बोलायला नको होतं बहुतेक. आईच्या बांगड्या वाजल्या. त्यांनी चहा संपवला, घरी बोलतो म्हणाले. वहाणा घालताना मला विचारलं, "जंगलात एकट्याच जाणार?"
बाबाच बोलले, "मी आहे ना."
ते नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ आई नकार लावते, बाबा होकार. मी लावत नाही. उद्या बाबा दरेकशाच्या स्टेशनमास्तरांना विचारणार आहेत, चैत्रापासून एखादी खोली मिळेल का.